आयएस चालू आहे तरी फोटो हललेलाच येतोय? नवीन लेन्स घ्यायच्या आधी हे बघा

तक्रार नेहमीचीच आहे. लेन्सवरचं आयएसचं, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या इमेज स्टॅबिलायझेशनचं, बटण ऑनला आहे, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसला, घरी येऊन लॅपटॉपवर शंभर टक्के झूम केला तर डोळे, दागिने, कोरीव काम सगळंच मऊ, जरासं सरकल्यासारखं. मग पहिला संशय आयएसवर, दुसरा लेन्सवर आणि तिसरा विचार थेट नव्या बॉडीचा (लेन्स सोडून उरतो तो कॅमेरा), कारण तिच्यात म्हणे ८ स्टॉपचं स्टॅबिलायझेशन आहे (एक स्टॉप म्हणजे वेळ किंवा उजेड दुप्पट किंवा निम्मा). कॅनन त्याला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सोनीच्या लेन्सवर ओएसएस लिहिलेलं असतं, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस, पण काम सगळ्यांचं एकच आणि तक्रारही एकच, म्हणून मी पुढे सगळ्याला आयएसच म्हणतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आयएस फक्त तुमचा हात थरथरतो तेवढंच सावरतं. समोरचा माणूस हलला, फोकस चुकला, शटरच्याच धक्क्याने बॉडी हलली, दुपारच्या उन्हात हवाच लहरतेय, यातल्या कशालाही त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि "आयएस काम करत नाही" म्हणून लोक जे फोटो दाखवतात त्यातले निम्म्याहून जास्त हाताने हललेले नसतातच.

आधी ब्लर कसला आहे ते ओळखा

फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्क्यावर उघडा, मोबाईलवर नको. चेहरा वगैरे बाजूला ठेवा आणि फ्रेममध्ये कुठे बारीक उजेडाचे ठिपके असतील ते शोधा, दिव्यांची माळ, समईची ज्योत, गाडीच्या क्रोमवरची चमक, डोळ्यातला कॅचलाइट, काहीही चालेल. त्या ठिपक्यांच्या छोट्या रेघा झाल्यात आणि फ्रेमभर सगळ्या रेघा एकाच दिशेला, साधारण एकाच लांबीच्या आहेत, तर तो हाताचा ब्लर. आयएसच्या अखत्यारीतली केस ही एवढीच. त्यातही एक पोटभेद आहे, मधलं सगळं बरं आणि कोपऱ्यातले ठिपके गोल फिरल्यासारखे असतील तर शटर दाबताना कॅमेरा गोल कललाय, आणि हा गोल कलण्याचा प्रकार लेन्समधलं आयएस सावरू शकत नाही, त्याला सेन्सर हलवणारं बॉडीतलं आयएसच लागतं. बोट बटणावर जोरात खुपसायची सवय असेल तर असं हमखास होतं.

मागची भिंत, खांब, खुर्च्या कडक शार्प आणि माणूस तेवढा फराटलेला, तर माणूस हललाय, शटर स्पीड कमी पडला, म्हणजे शटर जास्त वेळ उघडा राहिला. मागे उभ्या असलेल्या काकांच्या शर्टाची वीण दिसतेय आणि नवरीचा चेहरा गेलाय, तर फोकस चुकलाय. सगळीकडे सारखंच धुरकट, रेघ नाही, दिशा नाही, तर कॅमेऱ्यासोबत दुकानदाराने फुकट चिकटवलेला यूव्ही फिल्टर काढून बघा, काचेवर बोटाचा ठसा आहे का बघा, आणि जेपेग असेल तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, किती होता तेही बघा, कारण ६४००ला कॅमेरा नॉइज पुसता पुसता बारीक डिटेलही पुसून टाकतो आणि ते दिसायला हुबेहूब ब्लरसारखं दिसतं. कडा दुहेरी दिसत असतील, म्हणजे एका रेषेच्या शेजारी तिचीच फिकट सावली, तर तो बहुतेक शटर शॉक, त्याचं पुढे सांगतो.

फोटोची माहिती उघडून शटर स्पीड काय होता ते बघणं हे खरं तर सगळ्यात पहिलं काम, पण ते कोणी करत नाही. संध्याकाळी हॉलमध्ये ऑटो मोडवर काढलेला फोटो असतो, शटर १/२० असतो, नवरा-नवरी हसत असतात, आणि दोष लेन्सला.

लेन्समध्ये आयएस आहे ना मुळात?

हसू नका, ही भानगड फार होते. कॅननच्या स्वस्त डबल झूम किटमध्ये जी ७५-३०० तिसऱ्या आवृत्तीची लेन्स मिळते तिच्यात आयएस नाहीच. ५५-२५० मध्ये आहे. दोन्ही दिसायला काळ्या, लांब, हलक्या, आणि ३०० हा आकडा २५० पेक्षा मोठा म्हणून लोक ती उचलतात आणि मग पक्षी का हलतात म्हणून डोकं धरतात. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० दोन प्रकारात निघाली, एक व्हीआरवाली आणि एक बिनव्हीआरची, नावात फक्त तेवढाच फरक, सेकंडहँड घेताना रिंगवर काय छापलंय ते नीट वाचून घ्या. आणि या एएफ-पी डीएक्स लेन्सवर व्हीआरचं बटणच नसतं, ते कॅमेऱ्याच्या मेनूत असतं, त्यामुळे आधीच्या मालकाने मेनूतून बंद करून ठेवलं असेल तर तुम्हाला बाहेरून कळणारच नाही.

आयएस आहे पण सुरूच होत नाही असाही एक प्रकार आहे. बटण अर्धं दाबल्यावर आतली मोटर जागी होते, गायरो सेन्सर हात किती कलतोय ते मोजायला लागतात आणि मग काचेचा एक गट उलट्या बाजूला सरकायला लागतो, आणि हे सगळं स्थिरस्थावर व्हायला अर्धा-एक सेकंद लागतो. तुम्ही बटण एका दमात खाली दाबलंत तर तो सेकंद त्याला मिळतच नाही, उलट नेमकं काच जागेवर येत असतानाच फोटो निघतो. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र टुणकन उडी मारून मग शांत होतं ना, ते शांत झाल्यावर दाबायचं. निकॉनवाल्यांसाठी अजून एक, मागच्या एएफ-ऑन बटणाने फोकस करायची सवय असेल तर त्या बटणाने व्हीआर सुरू होत नाही, शटरचं बटण अर्धं दाबलेलं लागतंच. बॅक बटण फोकस शिकलो आणि फोटो जास्त हलायला लागले, असं कोणी म्हणालं की मी आधी हेच विचारतो.

थोडं गणित, कारण त्याशिवाय मेळ बसत नाही

फिल्मच्या काळापासूनचा नियम आहे की हातात धरून फोटो काढताना शटर स्पीड कमीत कमी एक भागिले फोकल लेन्थ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) ठेवायचा. ५० एमएमला १/५०, २०० ला १/२००. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर निकॉन, सोनी, फुजीला दीडपट आणि कॅननला १.६ पट करायचं. म्हणजे ५५-२५० पूर्ण झूम केली की २५० गुणिले १.६, बरोबर ४००, म्हणून १/४००. त्या लेन्सच्या एसटीएम आवृत्तीला कंपनी साडेतीन स्टॉप सांगते, एक स्टॉप म्हणजे वेळ दुप्पट, ४०० चे २००, १००, ५० आणि पुढे अर्धा, असं करत साधारण १/३५ पर्यंत जाता येतं. कागदावर.

प्रत्यक्षात मी त्यातले दीड-दोन स्टॉप कापूनच धरतो. हे आकडे येतात जपानच्या सीपा या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या चाचणीतून, २०१२ पासून तिची ठरलेली पद्धत आहे, त्यात कॅमेरा एका थरथरणाऱ्या यंत्रावर बसवतात आणि ती थरथर ठरावीक नमुन्याची असते. डोंगर चढून धापा टाकत उभं राहून काढलेला फोटो त्या चाचणीत नसतो. शिवाय तो १/फोकल लेन्थचा नियम छोट्या प्रिंटसाठी होता, २४ मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्क्यावर उघडून बघणं हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे आयएस बंद असेल तर मी नियमाच्या दुप्पट स्पीड धरतो, आणि चालू असेल तर नियमापेक्षा दोन स्टॉप खाली, त्याच्या खाली गेलं की एकाच वेळी चार-पाच फोटो काढायचे आणि त्यातला बरा ठेवायचा.

टेलीला, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सला, एवढा फरक का पडतो तर हात फक्त ०.१ अंश कलला तरी २४ एमएमवर चित्र सेन्सरवर ०.०४ मिलीमीटर सरकतं आणि ३०० एमएमवर अर्ध्या मिलीमीटरच्या वर. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००४ मिलीमीटरचा, म्हणजे वाइडला (२४ सारख्या रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सला) दहा-अकरा पिक्सेलचा फराटा आणि टेलीला सव्वाशेच्या वर. म्हणूनच सुरुवातीला आयएस आलं ते झूममध्ये, एसएलआरसाठीची पहिली आयएस लेन्स १९९५ ची कॅनन ७५-३०० आयएस होती (आत्ताच्या किटमधली ती बिनआयएसची नव्हे, नाव तेच असलं तरी). सेन्सरच हलवायची आयडिया डीएसएलआरमध्ये २००४ ला कोनिका मिनोल्टाने आणली. आणि त्या पहिल्या लेन्सच्या आधी काय लोक फोटो काढत नव्हते? लग्नाच्या फोटोग्राफरांची लाडकी कॅनन २४-७० एफ २.८ एल, तिची २०१२ ची दुसरी आवृत्ती, तिच्यातसुद्धा आयएस नाही आणि त्यावर हजारो लग्नं निघाली. कारण तिथे माणसं हलतात, फ्लॅश लागतो, आणि शटर १/१२५ च्या खाली न्यायची वेळच येत नाही.

जिथे आयएस खरंच पैसे वसूल करतं: अजिंठा

आपल्याकडे आयएसची खरी परीक्षा घ्यायची तर अजिंठ्याची लेणी. आत अंधार, चित्रांना इजा नको म्हणून दिवे मंद, फ्लॅशला बंदी, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते जी सहलीला गेलेला माणूस काही काढत नाही, आणि समोरचा विषय दीड हजार वर्षं जागचा हललेला नाही. हातात धरून, कमी उजेडात, स्थिर गोष्टीचा फोटो. आयएस बनलंय ते नेमकं याच्यासाठी.

तरीही तिथून लोक हललेले फोटो घेऊन येतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच, एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर उभं राहून कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ किट लेन्स ५५ पर्यंत झूम केलेली असते. झूम केलं की अ‍ॅपर्चर एफ ३.५ वरून ५.६ वर येतं (एफचा आकडा वाढला की लेन्सचं भोक लहान), म्हणजे सव्वा स्टॉपहून जास्त उजेड गेला, आणि वर फोकल लेन्थ तिप्पट झाल्यामुळे लागणारा स्पीडही तिप्पट झाला. दोन्हीकडून मार. त्यापेक्षा १८ वर ठेवा, एफ ३.५, आयएसओ ३२०० आणि आयएस चालू, १/८ च्या आसपास शटर आला तरी हाताने निघतो, १/४ ला नशीब लागतं. २६ नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची जी आडवी बुद्धमूर्ती आहे, सात मीटरच्या आसपास लांब, ती डाव्या भिंतीलगत आहे आणि समोर खांब, त्यामुळे तिथे तसंही वाइडच लागतं आणि वाइडला आयएस तारून नेतं. फक्त तेवढ्यात समोरून एखादी शाळेची सहल गेली तर मूर्ती शार्प आणि पोरं भुतासारखी, त्याला इलाज नाही. पोरं जाईपर्यंत थांबा.

आता चित्राचा क्लोजअप हवाच असेल तर? इथे ५० एमएम एफ १.८ नावाची स्वस्तातली लेन्स आयएस नसतानाही किट लेन्सला भारी पडते. किट लेन्स त्या फोकल लेन्थला एफ ५.६, ही १.८, म्हणजे तीन स्टॉपहून जास्त उजेड, आयएसने प्रत्यक्षात जेवढं दिलं असतं तेवढंच किंवा जास्त. आणि उजेडामुळे मिळालेला शटर स्पीड हलणाऱ्या माणसालाही थांबवतो, आयएसने मिळालेला नाही थांबवत, हा मोठा फरक आहे. तोटा एवढाच की १.८ वर फोकसची खोली कमी असते, भिंतीला काटकोनात उभं राहिलं नाही तर चित्राचा एक कोपरा मऊ येतो.

उभं राहायचं कसं हे आयएस असलं तरी लागतंच. डावा तळहात लेन्सच्या खालून, वरून चिमटीत नाही. कोपर बरगड्यांना टेकवलेले, पट्टा मानेभोवती ताणलेला, श्वास सोडताना दाबायचं, धरून नाही. बर्स्ट लावून तीन-चार फोटो घ्यायचे, पहिल्यात बोटाचा धक्का असतो, दुसरा-तिसरा बहुतेक बरा येतो. भिंतीला टेकून उभं राहा असा सल्ला सगळीकडे मिळेल, पण अजिंठ्यात कृपा करून भिंतीला आणि खांबांना टेकू नका, त्यांच्यावर रंग आहे.

आणि पुढे वेरूळला गेल्यावर कैलासाचे फोटो भर उन्हात एफ ८, १/२५० ला काढताना आयएस चालू आहे की बंद याने काहीही फरक पडत नाही.

जिथे नाही करत: ढोल, रिंगण, पक्षी

गणपतीच्या मिरवणुकीत संध्याकाळी ढोलपथकाचे फोटो काढायला गेलात, आयएसवर विसंबून शटर १/३० ठेवला, तर मागचं दुकान आणि त्याची पाटी अगदी वाचता येईल इतकी शार्प येईल आणि वादक सगळे धूर. चालणाऱ्या माणसाला १/२५०, नाचणाऱ्या-धावणाऱ्याला १/५००, ढोलावर पडणाऱ्या टिपऱ्याचं टोक थांबवायचं तर १/१००० सुद्धा कमी पडतो कधी कधी. इथे एकच रस्ता, आयएसओ वर न्या, ३२००, ६४००, जे लागेल ते, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही.

बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर स्पीड ठरवता येतो. तो १/२५० वर किंवा जसा प्रसंग तसा लावून ठेवा, अर्धे प्रश्न तिथेच संपतात. कारण काय होतं, आयएस चालू आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असता, कॅमेरा आपला आयएसओ कमी ठेवायच्या नादात शटर १/६० वर आणून ठेवतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो. ज्यात ही सोय नाही त्यात सरळ एस (कॅननवर त्याचं नाव टीव्ही) मोडवर शटर स्वतः लावा, किंवा मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ.

वारीतल्या रिंगणात अश्व धावतो तेव्हा मात्र आयएसचं एक काम आहे. घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत १/६० किंवा १/१२५ ला पॅन करायचं, मागची गर्दी ओढली जाते आणि घोडा त्यातल्या त्यात शार्प. इथे आयएस साध्या मोडवर ठेवलंत तर काही लेन्स तुमचं मुद्दाम फिरवणंसुद्धा थरथर समजून अडवायला बघतात आणि चित्र उलटसुलट ओढलं जातं. कॅननच्या ज्या लेन्सवर मोडचं बटण आहे तिथे मोड २ लावा, तो आडवं सोडून देतो आणि फक्त उभी थरथर सावरतो. निकॉनचा नॉर्मल मोड पॅनिंग आपणहून ओळखतो, तिथे अ‍ॅक्टिव्हवर ठेवू नका.

भिगवणला उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो उडताना टिपायचे तर १/१६०० ते १/२००० लागतो, आणि त्या स्पीडला हाताच्या थरथरीचा प्रश्नच उरत नाही. आयएसचा फायदा एवढाच की ४०० किंवा ६०० एमएमला व्ह्यूफाइंडरमधलं चित्र नाचत नाही, पक्षी फ्रेममध्ये ठेवणं आणि फोकसचा पॉइंट त्याच्यावर टिकवणं सोपं जातं. हेही कमी नाही. काही जण एवढ्या स्पीडला आयएस बंद ठेवा म्हणतात, मला विचाराल तर आधी तुमच्या लेन्सवर दोन्ही करून बघा, काही जुन्या लेन्सवर फरक दिसतो, नव्यांवर शक्यतो नाही. आणि अकरा-बारा वाजता पाण्यावरून दूरच्या पक्ष्याचा फोटो मऊ आला तर तो लेन्सचा दोष नाही, तापलेली हवा आहे, कितीही महाग लेन्स लावा तोच फोटो येणार. सकाळी लवकर जा आणि नावाड्याला सांगून जवळ जा, पण थवा उठेल इतकं नाही.

नावेत किंवा ताडोबाच्या जिप्सीत खालचा आधारच हलत असतो. निकॉनचा अ‍ॅक्टिव्ह मोड याचसाठी आहे. पण जिप्सीचं इंजिन चालू असताना ती बारीक थरथर कोणत्याही आयएसने पूर्ण जात नाही, ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा आणि लेन्स थेट लोखंडी दांड्यावर टेकवू नका, मध्ये तांदूळ किंवा राजमा भरलेली कापडी पिशवी ठेवा. दोनशे रुपयांची पिशवी, आणि पहाटेच्या उजेडात हिच्याइतकं कामाचं काही नाही.

ट्रायपॉड, शटर शॉक आणि जुन्या लेन्स

ट्रायपॉडवर आयएस बंद करावं का? पहिल्या पिढीतल्या लेन्स असतील तर नक्की करा, त्या स्थिर कॅमेऱ्यावर स्वतःच स्वतःच्या हालचालीला सावरत बसतात आणि काच हळूहळू सरकत राहते. नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात म्हणे, तरी दोन-चार सेकंदांच्या वरचं एक्स्पोजर असेल तर मी बंदच करतो, एक बटण सरकवायला काय जातं. फक्त परत हातात घेताना चालू करायचं लक्षात ठेवा.

मिररलेसवर १/६० ते १/२०० च्या दरम्यान कडा दुहेरी यायला लागल्या, त्याच्या खाली बरं आणि वरही बरं, तर शटर शॉकच. मेकॅनिकल शटरचा पहिला पडदा बंद होऊन उघडताना जो ठोका बसतो त्याने बॉडी, आणि हलकी लेन्स असेल तर तिच्यातली आयएसची काचही हादरते. मेनूत इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन असतं, ते चालू करा, झालं. सोनीच्या २०१३ च्या पहिल्या ए ७ आर मध्ये ती सोय नव्हती म्हणून लांब लेन्सवर तिचं हे दुखणं गाजलं होतं. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर हाही उपाय आहे पण पटपट हलणारी गोष्ट त्यात तिरकी होते आणि एलईडी दिव्यांखाली पट्टे येतात, म्हणून मिरवणुकीत नको.

अ‍ॅडॉप्टर लावून जुन्या मॅन्युअल लेन्स वापरणाऱ्यांनी हे खास वाचा. बॉडीतल्या आयएसला सेन्सर किती सरकवायचा हे ठरवायला फोकल लेन्थ लागते, आणि जुनी लेन्स ती कॅमेऱ्याला सांगू शकत नाही, ती तुम्हाला मेनूत जाऊन भरावी लागते. काल ५० एमएम भरलं, आज १३५ लावली आणि बदलायचं राहिलं, तर सेन्सर लागतो त्याच्या निम्म्याहूनही कमी सरकतो आणि फोटो हलतो. उलट झालं, १३५ भरलेलं आणि लेन्स २८ ची, तर तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त सरकतो आणि आयएस बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं असा फोटो येतो. मॅन्युअल झूम असेल तर जिथे जास्त काढणार तो आकडा भरा किंवा बंद ठेवा.

बॉडी बंद असताना हलवली की आतून खुळखुळ आवाज येतो, काहीतरी तुटलं का? नाही. सेन्सर चुंबकांवर तरंगता असतो, कॅमेरा बंद झाला की काही बॉडींमध्ये तो मोकळा सुटतो. लेन्समधून येणारी बारीक घरघर पण तसलीच, ती आली म्हणजे आयएस जिवंत आहे.

कासच्या पठारावर फुलांचे क्लोजअप काढणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. अगदी जवळून काढताना हात कलण्यापेक्षा हात सरकणं जास्त नडतं, आणि साधं लेन्समधलं आयएस फक्त कलणं ओळखतं. कॅननने २००९ च्या १०० एमएम एफ २.८ एल मॅक्रोत हायब्रिड आयएस दिलं ते याचसाठी, तरीही एकास एक आकाराला (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा) कंपनी स्वतःच चारऐवजी दोनच स्टॉप सांगते. आणि मुळात तिथे वारा थांबत नाही, फूल डुलतंय, मग आयएस काय करणार. १/५०० आणि वारा पडायची वाट, दुसरं काही नाही.

मोबाईलचं

मोबाईलच्या जाहिरातीत ईआयएस लिहिलं असेल तर ते व्हिडिओसाठी आहे, फ्रेम कापून स्थिर दाखवतात, फोटोच्या एक्स्पोजरमध्ये होणारी थरथर त्याने थांबत नाही. ओआयएस म्हणजे खरी हलणारी काच किंवा सेन्सर. आणि तीच काच खराब व्हायचा एक आपल्याकडे फार चालणारा रस्ता आहे, बाईकच्या हँडलवर मॅपसाठी लावलेला मोबाईल. अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर सांगितलं की मोठ्या ताकदीच्या मोटरसायकलच्या इंजिनची थरथर हँडलवरून आयफोनला सतत मिळाली तर ओआयएस आणि ऑटोफोकस बिघडू शकतात. फोटो मऊ येतोय, व्हिडिओत चित्र जेलीसारखं थरथरतंय, फोकस पुढेमागे पळतोय, आणि फोन रोज हँडलवर असतो, तर कारण शोधत बसू नका. फोन खिशात ठेवा आणि मॅपचा आवाज इयरफोनवर एका कानात ऐका, किंवा निदान थरथर शोषणारा माउंट घ्या.

आता तपासायचं कसं

भिंतीवरचं कालनिर्णय घ्या, त्यातली बारीक अक्षरं यासाठी उत्तम. कमी उजेडाची वेळ बघा, सात-आठ फुटांवर उभे राहा, झूम लेन्स असेल तर सगळ्यात लांबच्या टोकाला. एस मोडवर १/१२५, मग १/६०, १/३०, १/१५, प्रत्येक स्पीडला आयएस चालू ठेवून दहा आणि बंद ठेवून दहा फोटो. दोन-तीन काढून निकाल लावू नका, हाताचं काम आहे, नशिबाने एखादा शार्प येतोच. मग लॅपटॉपवर तिथी वाचता येतात ते मोजा. १८-५५ सारख्या लेन्सवर (टेली असेल तर सुरुवात नियमाच्या दुप्पट स्पीडपासून करा) १/१२५ ला दोन्ही थोडेफार सारखे येतील पण १/३० ला चालूमध्ये सहा-सात आणि बंदमध्ये एखाद-दुसरा असं काही आलं तर आयएस ठणठणीत आहे, तुमचा प्रश्न वर कुठेतरी आहे. दोन्हीकडे सारखेच हललेले आले, किंवा चालू ठेवल्यावर उलट जास्त हलले, किंवा चित्र फ्रेममध्ये आपोआप एका बाजूला सरकत जातंय, तर मात्र मेकॅनिझम गेलंय. अशा वेळी सर्व्हिस सेंटरला नुसती लेन्स देऊन येऊ नका, "टेस्टिंगमध्ये ओके आहे" म्हणून परत येते. ते चालू-बंदचे मूळ फोटो पेन ड्राइव्हवर न्या, काउंटरवर उघडून दाखवा, आणि वॉरंटी संपली असेल तर आधी खर्चाचा अंदाज लिहून मागा, कारण किट लेन्सच्या आयएसची दुरुस्ती बऱ्याचदा सेकंडहँड किट लेन्सच्या किमतीच्या वर जाते.